पॉकेट-होल जोड : जिग व क्लॅम्प

एका फळीच्या पाठीवर खिशासारखे तिरपे भोक पाडून त्यातून शेजारच्या फळीत स्क्रू उतरवून केलेला लाकडी जोड. भोकाचा पृष्ठभागाशी कोन साधारण १५ अंशांचा असतो. भोकाला दिशा देणारा साचा म्हणजे जिग. भोक पाडताना आणि स्क्रू आवळताना फळ्या जागच्या जागी धरतो तो क्लॅम्प. वाई-मेणवलीच्या वाड्यांतील खांब-तुळ्यांचे किंवा बैलगाडीच्या साटीचे कूस-खोबणीचे (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवण्याचे) जोड साधायला पटाशीवर हात बसावा लागतो. पॉकेट-होलला ड्रिल मशीन नीट धरता आले तरी पुरते, म्हणून नवशिक्यांना तो जवळचा वाटतो.

काही लेखनात या जोडाचा उगम प्राचीन ईजिप्तपर्यंत नेलेला आढळतो. तेथे दोन तुकडे एकत्र धरून बाहेरून तिरपे भोक पाडत व त्यात सरस लावलेली खुंटी ठोकत, असे सांगितले जाते. मात्र तो खुंटीचा जोड होय. स्क्रूने दोन तुकडे एकमेकांकडे ओढले जाणे, हे पॉकेट-होलचे मर्म त्यात नाही. अधिक जवळचा पूर्वज युरोपीय टेबलांत दिसतो. टेबलाचा माथा बसवताना खालच्या पट्टीच्या आतल्या अंगाला गोल पटाशीने खिसा कोरीत आणि त्यातून स्क्रू तिरपा वर नेत. ही रीत अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील असावी. टोकदार स्क्रू यंत्रावर मुबलक बनू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, त्यामुळे तिचा प्रसार त्यानंतरचा मानणे अधिक सयुक्तिक ठरते. चौकोनी खाचेच्या स्क्रूचे कॅनडातील पेटंट पी. एल. रॉबर्टसन यांच्या नावे १९०९ चे आहे. खोल खिशात स्क्रू फिरवणाऱ्या बिटाचे टोक निसटू नये म्हणून पॉकेट-होल स्क्रूंना बहुधा हीच खाच ठेवतात. आजच्या घरगुती जिगचे श्रेय सामान्यतः अमेरिकेच्या आयोवा राज्यातील क्रेग सॉमरफेल्ड यांना देतात. १९८० च्या दशकात स्वतःच्या स्वयंपाकघरातील कपाटांच्या दर्शनी चौकटी जोडण्यासाठी त्यांनी ती जिग तयार केली.

जिगमधील ड्रिल बिट दोन पायऱ्यांचे असते. जाड भाग ९.५ मिमी., म्हणजे सुतारी मापात ३ सूत. पुढचे बारीक टोक स्क्रूला वाट करून देते. दोहोंमधल्या पायरीवर स्क्रूचे डोके टेकते. म्हणून डोके खालून सपाट हवे. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणाऱ्या काळ्या जिप्सम स्क्रूचे डोके निमुळते असते; ते पायरीवर पाचरीसारखे रुतते आणि लाकूड चिरते. बिटावरची स्टॉप कॉलर (भोकाची खोली ठरवणारी कडी) अशी आवळावी, की टोक जिगच्या तळापासून सुमारे १ सूत वर राहील. १८-१९ मिमी.च्या (६ सूत) प्लायला ३२ मिमी.चा, १२ मिमी.ला २५ मिमी.चा आणि ३८ मिमी. जाडीला ६४ मिमी.चा स्क्रू लागतो. प्लाय व पाइनसाठी मोठ्या आट्यांचा, तर शिसव किंवा बाभळीसारख्या कठीण लाकडासाठी बारीक आट्यांचा घ्यावा. चौकटीत भोक नेहमी ज्या पट्टीचे टोक टेकते तिच्यात पाडावे, म्हणजे स्क्रू दुसऱ्या पट्टीच्या आडव्या रेषांत घट्ट बसतो.

जिग निवडताना प्लास्टिकच्या रंगरूपापेक्षा आतली पोलादी बुश (बिटाला वाट देणारी नळी) पाहावी. बिट बुशमध्ये घालून हलवले असता खुळखुळ जाणवली, तर भोके पुढे लांबट पडतात. एका भोकाची छोटी जिग सी-क्लॅम्पने (इंग्रजी C आकाराच्या, स्क्रूने आवळायच्या क्लॅम्पने) फळीला आवळावी लागते. दोन-तीन भोकांच्या टेबलावरच्या जिगला स्वतःची तरफ असते. एखादे कपाट वा स्टूल करायचे असेल, तर छोटी जिग पुरेशी आहे.

खरा खर्च क्लॅम्पवर करावा. स्क्रू १५ अंशांनी शिरत असल्याने त्याच्या ओढीचा साधारण पाव हिस्सा फळी बाजूला सरकवण्यात जातो. हाताने कितीही दाबून धरले, तरी शेवटच्या दोन फेऱ्यांत पट्टी किंचित वर उचलली जाते. डोळ्याला ते दिसत नाही. जोडावरून नख फिरवले की अडते. मग रंधा मारून सारखे करावे लागते, आणि प्लायवर तर रंधाही चालत नाही, कारण वरचा पातळ पापुद्रा निघून जातो. यावर उपाय म्हणजे रुंद चकतीचा फेस क्लॅम्प. त्याच्या दोन चकत्या जोडाच्या दोन्ही अंगांना अशा बसवाव्यात, की अर्धी चकती या पट्टीवर आणि अर्धी त्या पट्टीवर येईल. काटकोनातील खोक्याच्या जोडाला, एक जबडा पिनेसारखा असून भोकातच शिरणारा काटकोनी क्लॅम्प मिळतो. तो नसेल तर गुण्या लावून दोन एफ-क्लॅम्पनी (लांब दांडीवर जबडा सरकणाऱ्या क्लॅम्पनी) काम भागते, वेळ मात्र अधिक लागतो. म्हणून नवशिक्याने आधी एक चांगला फेस क्लॅम्प व दोन एफ-क्लॅम्प, मग छोटी जिग, असा क्रम ठेवावा.

फळ्या शेजारी-शेजारी जोडून रुंद पाट करायचा असल्यास पाइप क्लॅम्प, म्हणजे लोखंडी पाइपावर जबडे बसवलेला क्लॅम्प, सोयीचा. शेतीच्या पाइपलाइनमुळे जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप व त्यावर आटे पाडून देणारे दुकान सांगली, मिरज, कराडात दूर शोधावे लागत नाही. बाहेरून आलेल्या क्लॅम्पच्या डोक्याला बहुधा अमेरिकी मापाचे आटे असतात, तर आपल्या पाइपला ब्रिटिश मापाचे. अर्धा आणि पाऊण इंची पाइपात दोन्हींचे आटे इंचाला १४ च असल्याने डोके बसते. आट्याच्या कोनात ६० आणि ५५ अंशांचा फरक राहतो, तो पाणी वाहून नेताना नडला असता, येथे नडत नाही. एक इंची पाइपात मात्र आट्यांची संख्याच वेगळी पडते, तो टाळावा.

लाकडाच्या ओलीचा विचार सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत विशेष महत्त्वाचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर माण, जत, आटपाडीकडे तो ५०० मिमी.च्या आसपास. पावसाळ्यात जोडलेला सागवानी वा आंब्याचा रुंद माथा उन्हाळ्यात आडव्या अंगाने आकसतो. चारही बाजूंनी स्क्रूने जखडलेला असेल तर मधोमध चिरतो. जुन्या टेबलांत खिशातले भोक स्क्रूपेक्षा मुद्दाम सैल ठेवीत, ते यासाठीच. माथा बसवताना बाहेरच्या भोकांना कानस मारून ती आडवी, लांबट करावीत आणि मधले तेवढे घट्ट ठेवावे. प्लायला याची गरज पडत नाही.