पंप ऑईल ओढत नाही

थंडीत निफाड-दिंडोरीकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरला की सकाळी द्राक्षबागेत छोटा ट्रॅक्टर सुरू होताना एक ठरावीक आवाज येतो. इंजिनाचा नव्हे. सीटच्या खालून येणारी, कानात घुसणारी किरकिर. मागची अवजारं उचलणारी लिफ्ट वर येत नाही, आलीच तर झटके देत येते. ‘थंडीनं ऑईल आखडलंय, तापलं की होईल,’ असं म्हणून मालक चहाला जातो, आणि खरंच थोड्या वेळात आवाज थांबतो. डिपस्टिक काढून पाहिली तर ऑईल खुणेपर्यंत, रंगही बरा. म्हणजे काळजीचं कारण नाही, असं ठरतं.

हे निदान अर्धंच बरोबर आहे. थंडीचा वाटा आहेच. उरलेला वाटा बहुतेक वेळा लिफ्टला दाबाने ऑईल पुरवणाऱ्या पंपाआधीच्या फिल्टरचा असतो, आणि ऑईलचा रंग पाहून तो कळत नाही.

बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, ऑईलमध्ये बुडालेले ब्रेक आणि लिफ्ट या सगळ्यांना मिळून एकच ऑईल असतं, साधारण पंधरा-वीस लिटर. गिअरच्या दातांची झीज, ब्रेकच्या अस्तराची भुकटी, ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जाण्याच्या तोंडातून) आलेली धूळ, सगळं त्यातच. त्यात टिपिंग ट्रॉली, म्हणजे माल ओतायला ट्रॅक्टरच्याच ऑईलवर उचलली जाणारी ट्रॉली, असेल तर आणखी भर. एकच ट्रॉली चार ट्रॅक्टरांना जोडली जाते, तेव्हा तिच्या जॅकमध्ये उरलेलं ऑईल प्रत्येक वेळी पुढच्याच्या पोटात जातं. डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचा कण दिसत नाही, आणि दातेरी चाकांच्या गिअर पंपातल्या फटी असतात जेमतेम काही मायक्रॉनच्या. म्हणजे पंपाला घासणारा कचरा नेमका न दिसणारा असतो.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. पंप ऑईल ओढतो असं आपण सर्रास म्हणतो, पण तो ओढत नाही. पंपाचे दात फिरताना तोंडाशी जागा रिकामी करतात, तिथला दाब उतरतो, आणि हाऊसिंगमधल्या, म्हणजे गिअरच्या पेटीतल्या, ऑईलवर बसलेली बाहेरची हवा ऑईलला त्या जागेत ढकलते. ढकलण्याचं काम फक्त हवेचं. समुद्रसपाटीला तिचा दाब सुमारे एक बार. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर, म्हणून तिथे साधारण ०.९४. पंपाच्या पुढे दीडशे बार किंवा त्याहून जास्त दाब असतो, पण मागच्या बाजूला जमा एवढीच. त्यातलाही ०.२-०.३ बार वाटेत खर्च झाला की पंप कुरकुरू लागतो.

हा खर्च होतो कुठे? पंपाच्या तोंडाआधीच्या, म्हणजे सक्शन फिल्टरच्या, जाळीत. दाबातली घट ऑईलच्या दाटपणाच्या प्रमाणात वाढते आणि मोकळ्या छिद्रांच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात. समजा, नवा फिल्टर आणि कोमट ऑईल असताना घट ०.०२ बार आहे. जाळीचा पाऊण भाग बुजला तर ती चौपट होते, ०.०८. अजून काहीच जाणवत नाही. आता ऑईल थंड करा. ४० अंशांना असतं त्याच्या पाचपट तरी ते १० अंशांना दाट असतं. चार गुणिले पाच, वीसपट. घट गेली ०.४ बारवर. एकट्या थंडीने ०.१ झाली असती आणि पंपाने ती निभावली असती; एकट्या कचऱ्याने ०.०८. दोन्ही एकत्र आले की गुणाकार होतो. ट्रॅक्टर तापल्यावर आवाज जातो तो म्हणूनच, फिल्टर मात्र तसाच बुजलेला राहतो.

आवाज कशाचा, हेही पाहण्याजोगं आहे. खनिज तेलात साध्या दाबाला आकारमानाच्या आठ-नऊ टक्के हवा विरघळलेली असते. ती दिसत नाही. दाब उतरला की ती बुडबुडे होऊन सुटते. हे बुडबुडे दातांच्या खोबणीतून पलीकडे जातात आणि क्षणार्धात अर्ध्या बारवरून दीडशे बारमध्ये सापडतात. द्रवातली पोकळी मिटताना किती दाब निर्माण होतो याचं गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांनी १९१७ साली मांडलं. ब्रिटिश जहाजांचे पाण्यातले पंखे (प्रोपेलर) कुरतडले जात होते त्या निमित्ताने. त्यांनी पोकळी पूर्ण रिकामी धरली होती, आणि मिटण्याच्या शेवटच्या टप्प्यात दाब भयंकर वाढतो असं त्यांना आढळलं. ऑईलमधल्या बुडबुड्यात हवा असल्याने तडाखा सौम्य होतो, पण ती हवा दबताना तापते. उष्णता निसटायला वेळच मिळाला नाही असं धरून हिशेब केला तर तापमान हजार अंशांच्या वर जातं. प्रत्यक्षात थोडी निसटतेच, तरीही बुडबुड्याच्या कडेचं ऑईल करपायला हे पुरेसं होतं. धातूवर बारीक खड्डे पडतात, ऑईल काळवंडतं, आणि खड्ड्यांतून निघालेला धातू पुन्हा फिल्टरकडे.

म्हणूनच ‘फिल्टर जितका बारीक तितका चांगला’ हेही खरं नाही. पंपाआधीची जाळी मुद्दाम भरड ठेवतात, साधारण १००-१५० मायक्रॉनची. बारीक गाळणी पंपानंतर, जिथे दाबाची चैन असते. काही ट्रॅक्टरांत पंपाआधीच कागदी फिल्टर असतो, त्याचं क्षेत्रफळ हिशेबाने ठरवलेलं असतं. दिसायला तसाच, स्वस्तातला बसवला की हिशेब चुकतो. दुकानात मिळणाऱ्या ‘पंपाचं आयुष्य दुप्पट’ छापाच्या बाटल्यांनी बुजलेलं एकही छिद्र मोकळं होत नाही. उलट ब्रेकसाठी ऑईलमध्ये मोजून घातलेल्या घर्षण-रसायनांचं गणित बिघडतं. पुढे टांगलेली लिंबू-मिरची दर शनिवारी ताजी होते, पण ब्रीदरचं झाकण हरवून तिथे चिंधी कोंबलेली असते.

ऑईल बदलताना ते कोमट असावं, म्हणजे खाली बसलेला गाळ त्याच्याबरोबर निघतो. सपाट जागा, लिफ्टचे हात पूर्ण खाली, कारण वर असतील तर सिलिंडरमधलं जुनं ऑईल तिथेच अडकतं. इंजिन बंद, किल्ली खिशात. ड्रेन बोल्ट खोलण्याआधी त्याच्याभोवतीची माती ब्रशने काढा. बोल्टला चुंबक असेल तर त्यावर काळी मऊ लापशी दिसेल. ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण लागले तर मेस्त्रीला दाखवा. भातात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरातून कधी ऑईलचं ताक झालेलं निघतं. ते पाणी. पाण्याच्या सूक्ष्म थेंबांवरून उजेड विखुरतो म्हणून ऑईल पांढरं दिसतं. अशा वेळी नुसतं ऑईल बदलून भागत नाही, सील पाहावे लागतात.

जाळी डिझेलने धुवा, हवा आतून बाहेर मारा आणि कॉटन वेस्टने पुसू नका. त्याचे धागे थेट पंपात जातात. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसवू नये. नव्या ट्रॅक्टरात पहिला बदल ५० तासांच्या आसपास सांगितलेला असतो, कारण नवे दात एकमेकांत बसताना झीज जास्त होते. पुढचे तास पुस्तिकेत पाहा. ते तासमीटरवरचे, वर्षाचे नव्हेत. भरल्यावर इंजिन हळू ठेवून, ओझं न लावता लिफ्ट दोन-चारदा खालीवर करा, बंद करून पातळी पुन्हा पाहा.

एवढं करूनही किरकिर राहिली तर डिपस्टिकवर फेस आहे का ते बघा. फेस असेल तर पंप बाहेरून हवा घेतोय, बहुधा जोडातल्या जुन्या ओ-रिंगमधून (रबरी कड्यातून). इथे लोक फसतात: सक्शनच्या बाजूला दाब हवेपेक्षा कमी, त्यामुळे चालू असताना ऑईल गळत नाही, हवा आत जाते. इंजिन हळू चालू ठेवून सक्शन पाईपच्या एकेका जोडावर थोडं ऑईल ओता, हात फिरत्या भागांपासून लांब ठेवून. ज्या जोडावर ओतल्यावर आवाज बदलेल, ती ओ-रिंग बदला. प्रेशरच्या पाईपवर मात्र हाताने गळती शोधू नका. सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडीखाली शिरते, वर टाचणीएवढी खूण दिसते आणि दुखतंही कमी, तरी लगेच शस्त्रक्रिया करावी लागते. तिथे पुठ्ठा धरा.