जुन्या काँक्रीटच्या खडीचे कार्बोनेशन

पाडकामातून निघालेले काँक्रीट फोडून तयार केलेल्या खडीवर कार्बन डायऑक्साइड वायू सोडायचा आणि ती नव्या बांधकामाच्या लायकीची करायची, या प्रक्रियेला कार्बोनेशन म्हणतात.

मुंबई परिसरातल्या खडीचा गाभा बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. इमारत पन्नास वर्षे जुनी असली तरी तो सहसा ठणठणीत असतो. खोट असते ती खडीला चिकटून राहिलेल्या सिमेंटच्या मसाल्यात. तो सच्छिद्र असल्याने पाणी पितो. ताज्या खडीचे पाणीशोषण साधारण १ ते २ टक्के, तर जुनीचे अनेकदा ४ ते ८ टक्के. अशा मालाचे ओले काँक्रीट लवकर घट्ट होते, मग साइटवर कोणीतरी हळूच पाणी वाढवतो आणि ताकद तिथेच जाते.

वायू आत शिरला की मसाल्यातल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे कॅल्शियम कार्बोनेट होते. हा नवा घन पदार्थ सुमारे १२ टक्के जास्त जागा व्यापतो, त्यामुळे छिद्रे बुजतात, पाणीशोषण घटते आणि दाणा कणखर होतो. चुनखडी भाजून सिमेंट करताना उडालेल्या वायूचा थोडा भाग असा पुन्हा दगडात परततो. थोडाच, कारण स्वित्झर्लंडमधील न्यूस्टार्क कंपनीच्या पद्धतीत टनभर काँक्रीटमागे सुमारे १० किलो वायू मुरतो. तेव्हा प्रदूषण रोखण्यापेक्षा खडी सुधारणे हाच या प्रक्रियेचा मोठा लाभ मानावा.

गंमत अशी की हीच अभिक्रिया मुंबईच्या जुन्या इमारतींचा रोग आहे. हवेतला हाच वायू वर्षानुवर्षे स्लॅबमध्ये शिरतो, काँक्रीटचा सामू (अल्कता दाखवणारा पीएच) १२.५ च्या वरून ९ च्या आसपास उतरतो, सळईवरचे संरक्षक कवच जाते; सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे सुटतात. सुट्या खडीत सळईच नसते, म्हणून तिथे तोच रोग औषधासारखा लागू पडतो. नव्या सळईला नव्या सिमेंटची अल्कता सांभाळते. समुद्राकाठच्या काँक्रीटमध्ये मुरलेले क्लोराइड, म्हणजे मिठातला सळई गंजवणारा घटक, मात्र कार्बोनेशनने जात नाही. उलट मसाल्यात बांधले गेलेले काही क्लोराइड मोकळे होते. अशी खडी तपासल्याशिवाय आरसीसीत, म्हणजे सळईच्या काँक्रीटमध्ये, घालू नये.

प्रक्रियेला ओलावा लागतो, पण बेताचा. छिद्रे पाण्याने भरली तर वायूला वाटच राहत नाही. जुलैमध्ये उघड्यावर भिजलेला ढीग म्हणूनच आधी शेडमध्ये वाळवावा लागतो. दाणा जितका बारीक, तितके काम लवकर होते.

मुंबई महापालिकेच्या राडारोड्यासाठी दहिसर आणि शिळफाट्याजवळचे डायघर येथे दिवसाला प्रत्येकी ६०० टन क्षमतेचे प्रकल्प आहेत. वायूचा स्रोतही दूर नाही: चेंबूर-माहुल पट्ट्यातल्या तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांतून तो निघतो. खडीच्या वापराला आयएस ३८३ (२०१६) या भारतीय मानकाची मर्यादा आहे. जुन्या काँक्रीटची जाड खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम-२५ (ही ताकदीची श्रेणी) पर्यंतच्या आरसीसीत २० टक्के आणि एम-१५ च्या खालच्या लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटमध्ये पूर्ण चालते.

खरी अडचण पाडकामाच्या जागी सुरू होते. डंपरमध्ये स्लॅबचे तुकडे, विटा, टाइल्स आणि पीओपी एकत्रच भरले जातात. पीओपीतले सल्फेट नव्या काँक्रीटला घातक असते आणि वायू कितीही सोडला तरी ते निघत नाही. स्लॅब वेगळा फोडून वेगळा भरावा लागतो.