फोंतेन-द-वोक्लूज: समुद्रसपाटीच्याही खाली पोहोचलेला झरा

दक्षिण फ्रान्समध्ये, आव्हिन्यों शहराच्या पूर्वेला सुमारे ३० किलोमीटरवर, फोंतेन-द-वोक्लूज हे जेमतेम सहाशे वस्तीचे खेडे आहे. गावामागे दरी एकाएकी संपते आणि दोनशे मीटरांहून उंच असा चुनखडकाचा कडा आडवा येतो. सॉर्ग नदी या कड्याच्या पायथ्याशी उगम पावते आणि तिथूनच भरल्या पात्राने वाहू लागते. झऱ्याचा सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे २० घनमीटर असून फ्रान्समध्ये याहून मोठा झरा नाही. चौदाव्या शतकातील इटालियन कवी पेत्रार्क येथे काही वर्षे राहिला, म्हणून पुष्कळ प्रवासी येतात. पण या गावाचे खरे वैभव मला त्याच्या भूगोलात दिसते.

हे पाणी येते कोठून? कड्यामागे व्हाँतू पर्वतापर्यंत आणि त्याही पलीकडे अकराशे चौरस किलोमीटरांहून मोठा चुनखडकाचा प्रदेश पसरलेला आहे. पावसाच्या पाण्यात हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड मिसळून ते किंचित आम्लधर्मी होते, चुनखडक हळूहळू विरघळवते आणि भेगांची विवरे व भुयारे बनवते. त्यामुळे पठारावर पडलेला पाऊस ओढ्यांतून न वाहता जमिनीत गडप होतो. वर मात्र इतका कोरडेपणा की तिथल्या मेंढपाळांनी पावसाचे पाणी साठवण्यासाठी खडकात टाकी खोदली आणि त्यांवर दगडी छपरे रचली.

उन्हाळ्याच्या अखेरीस झऱ्याच्या कुंडातील पातळी खोल उतरते व पाणी खालच्या शिळांमधून बाहेर पडते. मोठ्या पावसानंतर कुंड काठोकाठ भरून दरीत कोसळू लागते. कड्यातील फटीत वाढलेल्या अंजिराच्या झाडापर्यंत पाणी चढले की गावकरी पूर आल्याचे ओळखतात.

कुंडाची खोली शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८७८ मध्ये ओत्तोनेल्ली नावाचा पाणबुड्या २३ मीटरांपर्यंत उतरला, १९४६ मध्ये फ्रेंच सागर-संशोधक कूस्तो यांच्या चमूने बुड्या मारल्या, आणि अखेर १९८५ मध्ये एका यांत्रिक पाणबुडीने ३०८ मीटरांवरील तळ गाठला. हा तळ समुद्रसपाटीपेक्षा दोनशे मीटरांहून अधिक खाली आहे. जे पाणी शेवटी समुद्राकडेच जायचे, त्याने इतक्या खोलवर वाट का कोरावी?

याचे सर्वांत पटणारे उत्तर भूमध्य समुद्राच्या इतिहासात सापडते. सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकशी असलेला त्याचा संपर्क तुटला आणि बाष्पीभवनाने त्याची पातळी शेकडो मीटर खाली गेली. या भागातून भूमध्य समुद्राकडे वाहणाऱ्या ऱ्होन नदीने तेव्हा खोल घळ कोरली आणि चुनखडकातील पाण्यानेही त्या नव्या पातळीकडे उतरण्यासाठी खोल नळ्या झिजवल्या. सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी समुद्र परतला, घळ चिकणमातीच्या जाड थरांनी भरली आणि भूमिगत पाण्याचे खालचे मार्ग बुजले. मागून येणाऱ्या पाण्याच्या दाबाखाली पाणी उभ्या विवरातून वर चढू लागले, आणि आजही ते त्याच वाटेने गावामागच्या कुंडात येते.