शेततळ्याआधीचं तळं

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीच्या पाण्यासाठी बंधारा बांधला गेला. त्यात गाळ साचत गेला, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. हेच नांदूर मध्यमेश्वर. जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन तिथं जरूर जावं. मात्र पक्षी ज्या गाळावर उतरतात, तो वरच्या दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकच्या डोंगरउतारांवरून आणि शेतांमधून वाहून आलाय.

जलसंधारण म्हटलं की आपल्याकडे आधी जेसीबी आठवतो, मग शेततळं. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, तिरप्या काठांचं शेततळं घ्या. त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं आणि जमीन अडते ९ गुंठे. आता शेततळ्याआधीच्या तळ्याचा, म्हणजे मातीचा, हिशेब करू. एक मीटर खोल काळी माती पिकाला घेता येईल असं साधारण १५० मिलिमीटर पाणी धरते. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे ४ हजार लिटर. म्हणजे एकरी ६ लाख लिटर झाले. चार एकर भारी जमीन पावसात नीट भिजली, तर तिच्या पोटात शेततळ्याहून जास्त पाणी असतं. त्याला ना तळाला अंथरायचा प्लास्टिकचा कागद लागतो, ना मोटर, ना कुंपण. उलट, एक सेंटिमीटर माती वाहून गेली की एकरी ६ हजार लिटरची जागा कायमची जाते.

शेततळ्याला माझा विरोध नाही. द्राक्षबाग एप्रिल-मेमध्ये जगवायची तर ते लागतंच. पण कागद अंथरलेल्या तळ्यातून थेंबभरही पाणी जमिनीत मुरत नाही. त्यातही सिन्नर-येवल्याकडची कितीतरी तळी पावसावर भरत नाहीत, विहिरी आणि बोअर उपसून भरतात. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, असा हा प्रकार. मे महिन्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तरी भरलेल्या तळ्यातून रोज ७ हजार लिटर पाणी हवेत जातं. याला साठवण म्हणावं, संधारण म्हणू नये.

मातीत पाणी का मुरत नाही, याचं उत्तर थेंबात आहे. वळवाचा मोठा थेंब ताशी ३० किलोमीटरच्या वेगानं आदळतो. उघड्या ढेकळावर पडला की मातीचे कण सुटतात, उडतात आणि बारीक कण भोकांत जाऊन बसतात. थोड्याच वेळात वर पापुद्रा धरतो आणि खाली कोरडं असतानाही वरून पाणी पळू लागतं. काळ्या मातीची आणखी एक तऱ्हा असते. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्या गटागटा पितात. मग चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग एकदम मंदावतो. म्हणून पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी शेताबाहेर जाऊ न देणं फार मोलाचं.

पळणाऱ्या पाण्याचं गणित तर भीतीदायक आहे. वेग दुप्पट झाला की माती वाहून नेण्याची ताकद दुप्पट होत नाही, जवळपास ३२ पट होते. त्यामुळे पाणी अडवता आलं नाही तरी त्याचा वेग मोडला, तरी बरंच साधतं. उताराला आडवी नांगरट आणि आडवी पेरणी हे त्यासाठीचं सगळ्यांत स्वस्त काम. नांगराचा प्रत्येक तास (ओळ) मग छोटा बांध होतो. अडचण वाटण्यांची आहे. चांगली-वाईट जमीन सगळ्या भावांना सारखी मिळावी म्हणून शेतांच्या पट्ट्या बऱ्याचदा वरून खाली, उताराच्या दिशेनं पडलेल्या असतात. अरुंद पट्टीत ट्रॅक्टर आडवा घातला की वळणं वाढतात, डिझेल वाढतं, म्हणून तो उभाच चालतो. अशा ठिकाणी पट्टीच्या आत थोड्या थोड्या अंतरावर आडवे वरंबे ओढून वाफे पाडता येतात.

या आडव्या नांगरटीसाठी समपातळी रेषा काढायला इंजिनिअर लागत नाही. सारख्या लांबीचे दोन बांबू वर एकत्र बांधा, मध्ये आडवी काठी बांधा आणि शेंड्यावरून दगड लावलेली दोरी सोडा. ही चौकट एका जागी उभी करून दोरी आडव्या काठीला जिथं टेकते तिथं खूण करा. मग चौकट फिरवून पायांची अदलाबदल करा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत. असं पावलापावलानं शेतभर चालत चुन्याची रेघ मारत जायचं.

द्राक्षबागेत ओळी उन्हाच्या हिशेबानं दक्षिणोत्तर असतात. उतार दुसरीकडे असला तर ओळींमधली मोकळी पट्टी पावसाळ्यात सरळ ओहोळ होते. तिथं तणनाशक मारून जमीन लख्ख करण्यापेक्षा गवत वाढू द्यावं आणि कापून तिथंच टाकावं. छाटणीच्या काड्या बांधावर जाळण्याऐवजी बारीक करून पसरल्या की थेंबाचा मार त्यांच्यावर बसतो. पावसाळ्याच्या अखेरीस लावायच्या रांगड्या कांद्यासाठी लागवडीपर्यंत रान मोकळं ठेवतात, ते मला सगळ्यांत खटकतं. ऐन पावसाळ्यात नांगरलेली जमीन उघडी! त्यात जूनला ताग किंवा धैंचा पेरून लागवडीआधी गाडला तर माती झाकली जाते आणि खतही मिळतं.

पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे दुखणं वेगळं आहे. पाऊस उदंड, पण उतार तीव्र आणि मातीचा थर पातळ. खाली बेसॉल्ट खडक, ज्यात पाणी राहतं ते फक्त वरच्या मुरमात आणि फटींत. ती जागा लवकर भरते आणि पाणी ओढ्यानं तितक्याच लवकर निथळून जातं. धरण उशाला आणि कोरड घशाला, ती यामुळेच. तिथं काम डोंगरमाथ्याकडून सुरू करावं लागतं. आधी चर आणि गवत, मग घळीत दगडी बांध, सगळ्यांत शेवटी नाल्यावरचा बंधारा. क्रम उलटला की बंधारा दोन-चार पावसाळ्यांत गाळानं भरतो.

आणि बांध घातला म्हणजे काम संपलं असं नाही. भातखाचरांच्या बांधांना खेकडे भोकं पाडतात, काळ्या मातीच्या बांधांना उन्हाळ्यात भेगा जातात. मे संपायच्या आत त्या बुजवून चोपाव्या लागतात. बांधावर मारवेलसारखं गवत लावलं तर हे काम बरंच कमी होतं. फुटलेले बांध पाहिले तर बहुतेकांना सांडवाच, म्हणजे जादा पाणी बाहेर काढायची वाटच, नसते. सांडव्याचं तोंड बांधाच्या माथ्यापेक्षा किमान फूटभर खाली हवं आणि त्यातून पडणारं पाणी रचलेल्या दगडांवर पडायला हवं, नाहीतर तिथूनच नवी घळ सुरू होते.