स्काउटच्या ड्रेसवर कुठला बिल्ला कुठे, आणि त्याच्या आधीचे कागद

शाळेच्या ग्रुपवर संध्याकाळी मेसेज पडतो की उद्या स्काउटवाल्यांनी फुल ड्रेसमध्ये यायचं, आणि मग घरात सुईदोरा शोधायला सुरुवात होते. इंदूरच्या खजूरी बाजारातनं असो की शाळेजवळच्या दुकानातनं, ड्रेसबरोबर बिल्ल्यांची एक पुडी हातात येते आणि दुकानदार सांगतो, लावून टाका सगळे. तर सगळे लावायचे नसतात. यातला प्रत्येक बिल्ला मुलानं मिळवायचा असतो, विकत मिळतो म्हणून तो त्याचा होत नाही. म्हणून आधी कागदाचं बघू आणि सुईदोऱ्याचं नंतर.

पात्रता तशी सोपी. भारत स्काउट्स अँड गाइड्समध्ये वयाची ५ वर्षं पूर्ण झाली की मुलगा कब आणि मुलगी बुलबुल होऊ शकते, १० पूर्ण झाली की स्काउट किंवा गाइड, आणि पुढे मोठ्या मुलांसाठी रोव्हर-रेंजर. जात, धर्म, मार्क काही बघत नाहीत. बहुतेक मुलं शाळेच्या युनिटमधनंच जातात, त्यामुळे पहिला प्रश्न शाळेलाच विचारायचा की युनिट चालू आहे का आणि या वर्षीची त्याची नोंदणी झालीय का, कारण शाळेची नोंदणी लटकली की मुलाचं पुढचं सगळंच लटकतं. शाळेत युनिट नसेल तर जिल्हा संघाकडे ओपन ग्रुपची चौकशी करा. घरात कुणी रेल्वेत असेल तर रेल्वेचं स्काउटिंग वेगळं चालतं, तिकडेही विचारता येईल.

कागद म्हणाल तर पासपोर्ट साइज फोटो, जन्मतारखेचा दाखला, आधारची झेरॉक्स आणि आईवडिलांच्या सहीचं संमतिपत्र, एवढं तयार ठेवलं की अडत नाही. आता नोंदणी ऑनलाइन असते आणि मुलाला बीएसजीचा, म्हणजे भारत स्काउट्स अँड गाइड्सचा, यूआयडी नंबर मिळतो, तो लिहून ठेवा, पुढे शिबिराच्या फॉर्मवर मागतात. आणि आपल्या मराठी घरांनी एक गोष्ट नक्की बघायची, ती म्हणजे नाव. आपल्याकडे मुलगा, वडील, आडनाव अशी तिन्ही नावं लिहायची पद्धत, शाळेतले बाबू मधलं नाव गाळून टाकतात, आडनावातला ळ त्यांच्या हातनं ल होतो, मग समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीत, एक, आधारवर दुसरं आणि स्काउटच्या सर्टिफिकेटवर तिसरंच. पहिल्याच फॉर्मवर आधारप्रमाणे स्पेलिंग घालून घ्या, नंतर दुरुस्तीसाठी जिल्हा ऑफिसच्या चकरा मारण्यापेक्षा हे बरं.

आता क्रम. नाव घातलं की मूल लगेच स्काउट होत नाही, कमीतकमी ३ महिने प्रवेशाचा अभ्यास असतो, त्यात प्रतिज्ञा, नियम, सॅल्यूट, डाव्या हातानं हात मिळवणं वगैरे. मग दीक्षा. दीक्षेत प्रतिज्ञा झाली की सदस्यता बिल्ला मिळतो, त्याआधी खिसा कोराच. पुढे प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, त्याच्यावर राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती स्काउट. प्रथम सोपान शाळेतले सर-मॅडमच तपासतात, वर जाल तशी परीक्षा जिल्ह्याच्या आणि राज्याच्या शिबिरांत जाते. राज्य पुरस्काराच्या वेळी आधीच्या सोपानांची आणि दक्षता बिल्ल्यांची (एकेका कौशल्यासाठी मिळतात ते) सर्टिफिकेटं, शिवाय मुलानं स्वतः लिहिलेली लॉगबुक लागते. ही लॉगबुक आईनं सुंदर अक्षरात लिहून दिलेली असते हे परीक्षकाला दोन पानांत कळतं, तेव्हा कृपा करून मुलालाच लिहू द्या, मग अक्षर कसंही असो.

आता ड्रेस. स्टील ग्रे शर्ट, नेव्ही ब्लू पँट, बेरे कॅप, गळ्यात ग्रुपच्या रंगाचा स्कार्फ आणि तो अडकवायची कडी, म्हणजे वॉगल. डाव्या खिशाच्या मधोमध सदस्यता बिल्ला, हिरव्यावर पिवळा. उजव्या खिशाच्या मधोमध जागतिक बिल्ला, तो जांभळा, भोवती पांढऱ्या दोरीचं वर्तुळ आणि त्या दोरीला गाठ असलेला. ही गाठ बिल्ल्यात खालच्या बाजूला येते, उलटा शिवलेला बिल्ला त्यावरनं ओळखू येतो. दोन्ही खांद्यांच्या शिवणीखाली ग्रुपच्या नावाची पट्टी. डाव्या बाहीवर सोपानाचा बिल्ला, उजव्या बाहीवर दक्षता बिल्ले. मुलगा टोली नायक, म्हणजे आपल्या छोट्या गटाचा पुढारी, असेल तर त्याच्या उभ्या पट्ट्या डाव्या खिशावर. मुलगी गाइड असेल तर भावाच्या शर्टावर बघून लावू नका, तिचा ड्रेस वेगळा आणि तिचा जागतिक बिल्लाही वेगळा, निळ्यावर सोनेरी तीन पाकळ्यांचा, तिच्या मॅडमना विचारूनच लावा.

टेलरकडे दिलं तर तो मशीनवर सर्रकन टीप मारतो आणि बिल्ल्याबरोबर खिसाही शिवून बंद करतो, मग मुलगा दिवसभर रुमाल हातात घेऊन हिंडतो. घरीच हातानं लावा. खिशात जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा सरकवा, म्हणजे सुई मागच्या कापडात जात नाही. फ्लॅपचं बटण लावून मग मधली जागा बघा, फ्लॅप उघडा ठेवून माप घेतलं तर बिल्ला अर्धा झाकला जातो. शर्ट मुलाच्या अंगात घालून खडूनं खूण करा, विशेषतः बाहीची, टेबलावर सरळ दिसणारा बिल्ला दंडावर फिरून मागे जातो. चार कोपऱ्यांना कच्चे टाके घालून घ्या, मग कडेकडेनं बिल्ल्याच्याच रंगाच्या दोऱ्यानं बारीक टाके. इस्त्रीनं चिकटवायचे किंवा फेविकॉलनं लावायचे प्रकार नकोत, दोन धुण्यांत कडा उचलतात आणि शर्टावर पिवळा डाग राहतो तो वेगळाच.

लावायच्या आधी बिल्ला वाटीभर पाण्यात भिजवून बघा. बाजारातल्या स्वस्त बिल्ल्यांचा हिरवा आणि जांभळा रंग सुटतो आणि ग्रे शर्टावर तो लपत नाही. शक्य तर सरांकडून किंवा जिल्हा संघाकडून बिल्ले घ्या.

बाहीवरच्या टाक्यांना फार पक्कं करू नका, कारण प्रथम सोपानाचा बिल्ला द्वितीय मिळाला की काढायचा असतो, दोन्ही एकत्र लावत नाहीत. काढलेला फेकू नका, मुलं जपून ठेवतात.

सर्टिफिकेटं मात्र फाइलमध्ये. रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातनं भरती निघते, त्यात राष्ट्रपती स्काउट किंवा हिमालय वुड बॅज (हा मोठ्यांच्या, म्हणजे स्काउट शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा) आणि ५ वर्षं सक्रिय सदस्य असल्याचा पुरावा मागतात, शर्टावरचे बिल्ले तिथे कुणी मोजत नाही. आणि हो, दादाचा शर्ट धाकट्याला देणार असाल तर दादाचे बिल्ले आधी उसवून घ्या, धाकट्याची अजून दीक्षाच झालेली नाही.