हायस्कूलची फी: नादारीपासून नववीच्या पावतीपर्यंत

महाराष्ट्रात हायस्कूल म्हटले की ते जवळजवळ पहिल्यापासून खासगीच. जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी फार तर सातवी-आठवीपर्यंत असते. पुढे गावात असते ते कुठल्यातरी शिक्षण प्रसारक मंडळाचे विद्यालय. कागदोपत्री ते खासगी, पण त्याला ‘प्रायव्हेट स्कूल’ कोणी म्हणत नाही, कारण तिथल्या शिक्षकांचा पगार सरकार देते. ‘प्रायव्हेट’ म्हणजे जिथे फी भरताना पालकाचा हात थबकतो ती शाळा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ का झाले, हे कळले तर आजच्या फीवादातले बरेचसे कळते.

सुरुवात १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या शिक्षणधोरणाच्या पत्रापासून होते. कंपनी सरकारला सगळीकडे स्वतःच्या शाळा चालवणे परवडणारे नव्हते. म्हणून लोकांनी शाळा काढाव्यात, काही फी घ्यावी आणि सरकारने त्यांना अनुदानाची जोड द्यावी, अशी पद्धत ठरली. मुंबई इलाख्यात हे अनुदान निकालावर बांधलेले होते: इन्स्पेक्टर यायचा, मुलांची परीक्षा घ्यायचा आणि जितकी मुले पास होतील तितके पैसे मिळायचे. १८८२ च्या हंटर आयोगाने, म्हणजे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाने, याच वाटेवर आणखी पुढे जायला सांगितले. माध्यमिक शिक्षणातून सरकारने हळूहळू अंग काढून घ्यावे आणि ते खासगी संस्थांकडे सोपवावे, असे सांगतानाच आयोगाने या संस्थांना सरकारी शाळांपेक्षा कमी फी आकारण्याची मोकळीक द्यायची शिफारस केली. म्हणजे त्या काळी खासगी हायस्कूल हा स्वस्त पर्याय होता! आज हे वाचताना डोळे चोळावेसे वाटतात.

तो स्वस्त कसा होता, याचे उत्तर पुण्यात आहे. जानेवारी १८८० मध्ये चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, पाठोपाठ आगरकर आले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. संस्थेचे आजीव सदस्य वीस वर्षांच्या सेवेची शपथ घेत, आणि तीही सरकारी नोकरीत सहज मिळाला असता त्यापेक्षा कितीतरी कमी पगारावर. गोखले ७५ रुपये महिन्यावर राहिले. फी कमी ठेवायची तर तूट कोणीतरी सोसावी लागते. इथे ती शिक्षकांनी सोसली. हुशार पण गरीब मुलाला ‘नादारी’, म्हणजे फीमाफी मिळे, कधी अर्धी, कधी पूर्ण. त्यासाठी अर्ज करावा लागे, आणि जेवणासाठी माधुकरी मागणे किंवा वार लावणे, म्हणजे आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेल्या घरी जेवणे, हा मार्ग होता. अर्थात वार लावून जेवायला ज्यांना दारात घेतले जाई, त्या जातींच्याच मुलांसाठी.

नेमक्या याच ठिकाणी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे बोट ठेवले होते. सरकारी तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामातून, आणि त्यातला शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो, हे त्यांनी लेखी निवेदनात मांडले आणि बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. फी किती असावी यापेक्षा पैसा कोणाचा आणि शिकतो कोण, हा त्यांचा प्रश्न होता. मला तो आजही पहिला प्रश्न वाटतो.

त्याचे उत्तर पुढच्या पिढीने संस्था काढून दिले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. १९१४ मध्ये नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाज निघाला. १९१९ मध्ये काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. रयतची फीची कल्पनाच वेगळी होती. घराघरांतून मुष्टिफंडाचे, म्हणजे मूठ-मूठ काढून ठेवलेले धान्य यायचे, बोर्डिंगमधली मुले शेतात राबून आपला खर्च काढायची, आणि धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. १९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले, ते विनाशुल्क आणि निवासी. रयतची ‘कमवा आणि शिका’ ही फी माफीची योजना नव्हती. मुलगा कोणाचे उपकार न घेता शिकावा, हा तिचा गाभा होता. नादारीचा अर्ज करताना मान खाली जाते. खुरपे हातात घेतलेल्या मुलाची जात नाही. भाऊरावांना हे नेमके कळले होते.

स्वातंत्र्यानंतर राज्याने या संस्थांचा भार हळूहळू स्वतःच्या खांद्यावर घेतला. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठी फी सवलत आणली, तीच ईबीसी. आता माफी मुख्याध्यापकांच्या मर्जीवर राहिली नाही, उत्पन्नाचा दाखला जोडला की ती हक्काची झाली. मान्य शाळांच्या शिक्षकांचे वेतन सरकारी अनुदानातून होऊ लागले आणि १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने त्यांच्या नोकरीला संरक्षण दिले. १९८० च्या दशकात मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत झाले. या दोन-तीन दशकांत शिकलेल्या लाखो मराठी माणसांना शाळेची फी आठवतच नाही. आठवते ती टर्म फीची किरकोळ रक्कम आणि वह्या-पुस्तकांचा खर्च. शाळा खासगी, पगार सरकारी, फी नाममात्र: ही व्यवस्था सहज मिळालेली नव्हती. शंभर वर्षांच्या त्यागावर ती उभी होती.

मग ती मोडली कशी? कोणी एका दिवशी ती बंद केली नाही. नव्या शाळांना अनुदान देणे थांबवले गेले, एवढेच. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि ‘विनाअनुदानित’ हा शब्द घराघरांत पोहोचला. डोनेशन इतके बोकाळले की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी, म्हणजे प्रवेशासाठी उकळल्या जाणाऱ्या रकमेविरोधी, कायदा करावा लागला. शाळांच्या बाबतीत २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदान’ हे धोरण आले: शाळा काढा, पण अनुदान कधीच मागू नका. त्यातला ‘कायम’ शब्द २००९ मध्ये वगळला गेला, तरी प्रत्यक्ष २० टक्के अनुदान सुरू व्हायला २०१६ उजाडले. मधली वर्षे हजारो शिक्षक बिनपगारी किंवा तुटपुंज्या पगारावर शिकवत राहिले, मुंबईच्या आझाद मैदानावर आंदोलनाला बसत राहिले. आगरकर-गोखल्यांनी कमी पगार स्वतःहून पत्करला होता. यांच्यावर तो लादला गेला.

दुसरीकडे शहरांत इंग्रजी माध्यमाची, सीबीएसई-आयसीएसईची मागणी वाढत होती. तिथे सगळा खर्च पालकांच्या फीतून. २००२ मध्ये टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की विनाअनुदानित संस्थेला आपली फी ठरवण्याचा अधिकार आहे, वाजवी शिल्लकही ठेवता येईल, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही. ‘वाजवी शिल्लक’ आणि ‘नफेखोरी’ यांच्यातली रेषा कुठे, यावर तेव्हापासून आजपर्यंत भांडण चालू आहे. पुढे २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने अशा शाळांचा दरवाजा आणखी उघडला.

महाराष्ट्राने या रेषेसाठी शुल्क विनियमन कायदा केला. नावात २०११, पण अमलात आला २०१४ मध्ये. त्यात शाळेने प्रस्तावित फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायची असते. समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे, मुख्याध्यापक अध्यक्ष. समितीने ठरवलेली फी आणि व्यवस्थापनाची मागणी यांत १५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाते. कागदावर हे पालकांच्या बाजूचे आहे. पण ज्या शाळेत आपले मूल रोज आठ तास असते, तिच्या मुख्याध्यापकांसमोर बसून ‘हा खर्च दाखवा’ म्हणणे किती पालकांना जमते? नंतरच्या दुरुस्तीने तर विभागीय समितीकडे तक्रार न्यायला किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात अशी अट घातली. हजार मुलांच्या शाळेत हे सुमारे अडीचशे पालक झाले. ही अट मला अन्यायाची वाटते.

कोरोनाकाळात सगळे उघडे पडले. मे २०२० मध्ये सरकारने फीवाढ रोखणारा आदेश काढला, उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. राजस्थानातल्या शाळांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये १५ टक्के कपातीचा मार्ग दाखवला, आणि ऑगस्टमध्ये महाराष्ट्रानेही तसा आदेश काढला. तोवर अनेक मुलांना ऑनलाइन वर्गाची लिंक फीच्या कारणाने बंद झाली होती.

राहिला शिक्षण हक्क कायदा. २००९ च्या या कायद्याने विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या. महाराष्ट्र सरकार दर मुलामागे वर्षाला कमाल १७,६७० रुपये शाळेला परत करते, आणि तेही वेळेवर करत नाही म्हणून संस्थाचालकांची ओरड असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट देणारी दुरुस्ती केली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली.

पण हा कायदा आहे सहा ते चौदा वर्षांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत. पहिलीपासून आठ वर्षे त्याच बाकावर बसलेल्या मुलाच्या पालकांच्या हाती नववीच्या जूनमध्ये पूर्ण फीची पावती येते. एक लाखाच्या आतल्या वार्षिक उत्पन्नावर प्रवेश मिळालेल्या घराला ती झेपणार कशी? मग दाखला काढून मूल जवळच्या अनुदानित विद्यालयात जाते. तिथे पगार सरकारी आहे, फी नाममात्र आहे. मात्र वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून इतर खर्चासाठीचे पैसे, वर्षानुवर्षे रखडले आहे आणि निवृत्त झालेल्या शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत.