अर्धसंवाहक नॅनोस्फटिकांचे प्रकाशीय गुणधर्म

काही नॅनोमीटर मापाच्या अर्धसंवाहक स्फटिकांचा रंग रासायनिक संघटनाइतकाच त्यांच्या आकारमानावर व आकारावर ठरतो. मराठीत ‘आकार’ हा शब्द दोन्ही अर्थी सर्रास वापरतात. येथे आकारमान म्हणजे माप आणि आकार म्हणजे घडण. गोलसर स्फटिकांना क्वांटम डॉट किंवा पुंज बिंदू म्हणतात.

आकारमानानुसार रंग बदलण्याच्या या परिणामाच्या शोधाच्या श्रेयाबाबत एकवाक्यता नाही. एकिमोव व ओनुश्चेंको यांनी 1981 मध्ये सोव्हिएट रशियात क्युप्रस क्लोराइडयुक्त काच 500 ते 700° से. तापमानाला 1 ते 96 तास तापवली. काचेत सुमारे 2 ते 30 नॅनोमीटरचे स्फटिक तयार झाले. स्फटिक जितके लहान, तितके प्रकाशाचे शोषण निळ्या बाजूला, म्हणजे कमी तरंगलांबीकडे, सरकलेले आढळले. लुई ब्रस यांनी 1983 मध्ये बेल प्रयोगशाळेत कॅडमियम सल्फाइडच्या कलिलात (द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांत) असाच परिणाम स्वतंत्रपणे नोंदवला. क्युप्रस क्लोराइडमध्ये एक्सायटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन व होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा) यांची बांधलेली जोडी, इतका लहान असतो, की तो स्फटिकाच्या मर्यादेत अखंडच कोंडला जातो; कॅडमियम संयुगांत इलेक्ट्रॉन व होल वेगवेगळे कोंडले जातात. म्हणून या दोन निरीक्षणांना एकाच शोधाच्या दोन आवृत्त्या मानणे तितकेसे अचूक नाही. एफ्रॉस आडनावाच्या दोन शास्त्रज्ञांनी 1982 मध्ये मांडलेल्या सिद्धांतात या दोन्ही स्थिती वेगळ्या दाखवल्या आहेत. ‘क्वांटम डॉट’ ही संज्ञा सामान्यतः 1988 च्या सुमाराची मानतात. एकिमोव, ब्रस आणि असे स्फटिक बनवण्याची पद्धत (पुढे पाहा) देणारे बावेंडी यांना 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅडमियम सेलेनाइडच्या मोठ्या स्फटिकात ऊर्जाअंतर (इलेक्ट्रॉनला बंधातून मोकळे करण्यास लागणारी किमान ऊर्जा) सुमारे 1.74 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. व्यास 6 नॅनोमीटरच्या आसपास असता प्रकाश तांबडा, तर 2 नॅनोमीटरजवळ निळा दिसतो. कोंडलेपणाची ऊर्जा, म्हणजे लहान आकारमानामुळे ऊर्जाअंतरात पडणारी भर, ढोबळमानाने व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून व्यासात 5% फरक पडला की ती जवळपास 10% बदलते. अगदी लहान स्फटिकांसाठी हे सूत्र वाढ फुगवून सांगते.

बावेंडी गटाच्या 1993 च्या पद्धतीत सुमारे 300° से. तापलेल्या ट्रायऑक्टिलफॉस्फीन ऑक्साइड या द्रावकामध्ये कॅडमियम व सेलेनियमची द्रावणे एकदम टोचतात. तापमान 180° पर्यंत उतरते, नवी बीजे धरणे थांबते आणि मग 230 ते 260° ला स्फटिक सावकाश वाढवतात. शोषणाचे शिखर पसरू लागले, की लहान स्फटिक विरघळून मोठ्यांवर चढत आहेत असे समजावे. अशा वेळी तापमान थोडे उतरवतात.

दांडीसारख्या स्फटिकाचा रंग मुख्यतः जाडीवर ठरतो, लांबीवर कमी. लांबी जाडीच्या दुपटीपलीकडे गेल्यावर प्रकाश लांबीच्या दिशेने ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपने त्याच दिशेत होतात. पातळ पत्र्यांत जाडी अणुथरांनी मोजतात, त्यामुळे रंग सलग न सरकता उडी मारतो: कॅडमियम सेलेनाइडच्या एका जाडीला प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 512, तर आणखी एक थर चढल्यावर 550 नॅनोमीटर. वर्णरेषेची रुंदी 10 नॅनोमीटरहूनही कमी असते. बिंदूंत ती साधारण 25 ते 30 भरते.

पृष्ठभागावरील अपुरे बंध इलेक्ट्रॉनला अडकवतात आणि चमक घटते. त्यावर झिंक सल्फाइडचे कवच चढवतात. मात्र कॅडमियम सेलेनाइड व झिंक सल्फाइड यांच्या जालकांत (अणूंच्या नियमित मांडणीतील अंतरांत) सुमारे 12% तफावत असल्याने कवच जाड झाल्यास दोष पडतात. मिथेनॉलने वारंवार धुतल्यास पृष्ठभागाला चिकटून त्याचे रक्षण करणारे संलग्न रेणू निघून जातात. रंग तोच राहतो, चमक मात्र मंदावते.